नवसाचा रिपोर्ट

तेहतीस वर्षं मी माणसांना फक्त उपाशीपोटी भेटले. सकाळी सहा ते साडेआठ ही माझी वेळ. दार उघडणाऱ्याच्या पोटात ना चहा, ना बिस्किट, पेपरही अजून आलेला नाही, आणि दारात मी. एका हातात निळी पेटी, दुसऱ्या हातात हेल्मेट. अशा वेळी दिसतो तोच माणसाचा खरा स्वभाव, असं माझं ठाम मत आहे. दिवसभर जगाशी गोड बोलणारे कितीतरी लोक माझ्यावर सकाळी साडेसहाला खेकसलेले आहेत. मी मनावर घेत नसे. सुई काढून कापसाचा बोळा दाबला की म्हणायची, "झालं. आता घ्या चहा. बिनसाखरेचा." शेवटच्या शब्दावर ते पुन्हा खेकसायचे.

गुलमंडीजवळच्या एका बोळात आमची लॅब. मी तिथं टेक्निशियन होते. सकाळी घरोघर जाऊन रक्त आणायचं आणि मग दुपारपर्यंत ते तपासायचं. लोक मला रक्तवाल्या ताई म्हणत. नाव भयंकर आहे, पण त्याची सवय झाली आणि पुढे थोडा अभिमानही वाटू लागला. हाताला शीर न लागणाऱ्या पेशंटकडे डॉक्टरसाहेब मलाच पाठवत. बोटाने चाचपून, डोळे मिटून शीर शोधायची ती माझी पद्धत. नव्या मुली हसायच्या, पण अडलं की मलाच हाक मारायच्या.

माझे निम्म्याहून जास्त पेशंट साखरेचे. हा आजार थोडक्यात सांगते, कारण वर्षानुवर्षं औषध घेणाऱ्यांनाही तो माहीत नसतो. आपण खातो त्याची साखर होते, ती रक्तातून सगळ्या अंगाला पोचते. पण ती रक्तातून आत, कामाच्या जागी शिरायला इन्सुलिन लागतं. ते कमी पडलं किंवा त्याचं काही चालेनासं झालं की साखर रक्तातच फिरत राहते. आणि फिरताना दुखत नाही. तेच तर वाईट आहे. दाढ दुखली की माणूस सकाळ उजाडायची वाट बघतो, साखर वाढली की मस्त जेवून झोपतो. ती डोळ्यांच्या, मूत्रपिंडाच्या, पायांच्या बारीक शिरा वर्षानुवर्षं खराब करत असते आणि माणूस म्हणत असतो, मला काहीच त्रास नाही.

माझ्या पेटीत दोन प्रकारच्या बाटल्या असत. राखाडी बुचाच्या बाटलीत साखरेचं रक्त. उपाशीपोटी एकदा, आणि जेवणानंतर दोन तासांनी एकदा. ही त्या घडीची साखर. जांभळ्या बुचाच्या बाटलीत तीन महिन्यांच्या सरासरीचं रक्त. रक्तातल्या लाल पेशी साधारण तीन-चार महिने जगतात आणि तेवढे दिवस त्या साखरेत मुरत असतात, पाकात टाकलेल्या गुलाबजामासारख्या. पाक जितका दाट, तितकी साखर आत. त्यामुळे जांभळी बाटली खोटं बोलत नाही. राखाडी बाटलीही खोटं बोलत नाही, पण तिला फसवता येतं. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी घर आवरतात, तशी माणसं तपासणीच्या आधी चार दिवस शरीर आवरतात. भात बंद, चहात साखर बंद, कारल्याचा रस, मेथीचं पाणी. आणि तपासणी झाली की त्याच दिवशी घर पुन्हा पहिल्यासारखं.

गुलमंडीवर कापडाचं दुकान असलेले एक शेटजी होते. उपाशीपोटीचं रक्त देऊन झालं की ते दुसऱ्या रक्ताआधी मोजून दोन इडल्या खायचे. एरवी त्यांचा नाश्ता म्हणजे पुरी-भाजी आणि वर इमरती. मी म्हटलं, "शेटजी, रोज खाता तेच खा, तरच खरा आकडा येईल." ते म्हणाले, "खरा आकडा मला माहीत आहे हो ताई, मला डॉक्टरांना दाखवण्यापुरता पाहिजे." मी पोट धरून हसले आणि हा किस्सा लॅबमध्ये सगळ्यांना सांगितला. तेव्हा हसू यायचं.

रोशन गेटजवळ एक खाला राहत. वय सत्तरीला टेकलेलं, शाळा कधी पाहिली नव्हती. पण हा आजार त्यांच्याइतका समजून घेतलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. रमजानच्या महिनाभर आधी त्या डॉक्टरांना गाठायच्या, गोळ्यांच्या वेळा बदलून घ्यायच्या, साखर उतरली तर रोजा सोडायचा हे कबूल करून यायच्या. त्यांच्या उशीजवळ एक छोटा आरसा असे. एकदा विचारलं, तर त्यांनी आरसा जमिनीवर ठेवला आणि वर तळपाय धरून मला दाखवला. म्हणाल्या, "बेटी, मुँह तो सब देखते. शक्करवाले को पाँव देखना. कुछ चुभ गया तो मालूमच नै पडता." इतकी साखर झाली की पायाला समजेनासं होतं, ही गोष्ट मी पुस्तकात शिकले होते. डोळ्यांनी पाहिली ती खालांकडे.

हे सगळं मला ठाऊक होतं, हे आधीच सांगून ठेवते. कारण आता कडूबामामांचं सांगायचं आहे.

कडूबामामा मूळचे पैठण रोडकडच्या एका खेड्यातले. घरची शेती भावांनी केली, हे चितेगावच्या एका कंपनीत फिटर म्हणून लागले आणि तिथूनच रिटायर झाले. पुढे चिकलठाण्याला घर बांधलं. नाव कडूबा आणि आजार साखरेचा, यावर प्रत्येक जण एकदा तरी हसायचा आणि मामा प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसायचे. त्यांना एकाच गोष्टीचा गर्व होता, पायांचा. नोकरीच्या पहिल्या वर्षांत ते गावाहून कंपनीत पायी जात. "सायकल घेतली ती लोकांच्या आग्रहानं, ताई. मला तिची गरज नव्हती," असं सांगताना पोटऱ्यांवरून हात फिरवायचे. दर नवरात्रात चिकलठाण्याहून कर्णपुऱ्याच्या देवीला चालत जायचे. एवढी पहाटेची वाट, पण रिक्षात बसायचे नाहीत.

साखर त्यांच्या अंगात बरीच वर्षं होती. पथ्य त्यांना जमायचं नाही. मामींनी, म्हणजे गयामामींनी, ज्वारीच्या भाकरीवर आणलं तर हे कोपऱ्यावरच्या हॉटेलात जाऊन गोड चहा प्यायचे. दर तीन महिन्यांनी मी जायची, आकडा वाढलेला यायचा, मामा दोन दिवस गप्प व्हायचे आणि पुन्हा चहा.

त्या वर्षी भाद्रपदात त्यांचा मुलगा त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, आता आकडा उतरला नाही तर इन्सुलिन. मामा इन्सुलिनला फार भीत. त्यांच्या मोठ्या भावाला शेवटच्या दिवसांत इन्सुलिन लागलं होतं, म्हणून सुई लागली म्हणजे माणूस चालला, असं त्यांच्या डोक्यात बसलं होतं. असं मानणारी शेकडो माणसं मी पाहिली. सुई फार उशिरा घेतात आणि मग सुईनेच मेला म्हणतात.

मामांनी देवीला नवस बोलला. साखर ताब्यात आली तर नवरात्राचे नऊ दिवस पायात काही घालणार नाही, आणि रोज पहाटे अनवाणी कर्णपुऱ्याला चालत येईन.

घटस्थापनेच्या चार-पाच दिवस आधी मी रक्त घ्यायला गेले. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दोन्ही तपासण्या होत्या, राखाडी आणि जांभळी. मामा दंड पुढे करून बसले होते. राखाडी बाटली भरली. मी जांभळी हातात घेतली तर मामा म्हणाले, "ताई, ती राहू द्या की."

"का हो?"

"ती पुढल्या बारीला करू. ही येवढीच करा. नवरात्र हाय."

मी मामींकडे पाहिलं. मामी चुलीपाशी म्हणजे गॅसपाशी उभ्या होत्या. मला निरोप द्यायला बाहेर फाटकापर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "चार रोज झाले, ताई, ह्ये नुसतं कारल्याचं पाणी पिऊन हायेत. काल तर गोळी बी दोनदा घेतली. म्या सांगते म्हणून सांगू नका."

मी गाडीवर बसले. जांभळी बाटली पेटीत रिकामीच होती. मागे फिरायला दोन मिनिटं लागली असती. मामांचा तो चेहरा डोळ्यांपुढे होता, परीक्षेचा निकाल आजच लागणार असल्यासारखा. मी मनाशी म्हटलं, सण आहे, माणसाला थोडं बरं वाटू दे, पुढच्या महिन्यात करू. आणि लॅबच्या फॉर्मवर दुसऱ्या तपासणीपुढे लिहिलं, पेशंटने नको म्हटले. त्यात खोटं काही नव्हतं.

आकडा आला एकशे बारा. वर्षानुवर्षं दोनशेच्या वर असणाऱ्या माणसाचा.

रिपोर्टचा अर्थ सांगणं आमचं काम नाही. आमचं काम आकडा देणं, अर्थ डॉक्टर सांगतात. पण दुपारी मामांचा फोन आला. "ताई, कसं आलं?"

"एकशे बारा, मामा. फर्स्ट क्लास!"

 फोन हातात धरूनच मामा घरात ओरडलेले ऐकू आले, "अगं, आई पावली!"

ते डॉक्टरांकडे गेलेच नाहीत. फर्स्ट क्लास आल्यावर कशाला जायचं? गोळ्या अर्ध्या केल्या. घटस्थापनेच्या पहाटे चपला कपाटावर ठेवल्या आणि निघाले. जाताना अनवाणी चालत, येताना शहर बसने. नवसाचं मला मात्र ठाऊक नव्हतं, ते नंतर कळलं. पण ते दरवर्षी चालत जातात हे ठाऊक होतं, आणि नवरात्रात निम्मं शहर अनवाणी असतं हेही ठाऊक होतं. रिपोर्ट सांगताना "मामा, पायाला जपा" एवढे तीन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. इतक्या वर्षांत मी त्यांचा दंड किती वेळा धरला असेल, तळपाय एकदाही पाहिला नव्हता.

सहाव्या दिवशी सकाळी मामींना फरशीवर लाल ठिपके दिसले. त्यांना वाटलं देवीपुढचं कुंकू सांडलं. त्या पुसत गेल्या. ठिपके देव्हाऱ्यापासून मोरीपर्यंत, मोरीपासून मामांच्या खुर्चीपर्यंत गेलेले. मामा खुर्चीत बसून मजेत पेपर वाचत होते. मामींनी पाय उचलून पाहिला, तर अंगठ्याखाली तारेचा तुकडा रुतलेला. कडेची कातडी पांढरी पडली होती, म्हणजे तो एका दिवसाचा नव्हता. मामा स्वतःच चकित झाले. "मला कळलंच नाय," एवढंच म्हणत राहिले.

तार काढली, हळद दाबली. मामी म्हणाल्या, आता बास, दवाखान्यात चला. मामा ऐकेनात. तीनच दिवस उरलेत, दुखत तर नाही, नवस अर्धा टाकू का? फडकं बांधून ते उरलेले तिन्ही दिवस चालले.

दसऱ्यानंतर आठवड्याभरात घरात वास येऊ लागला. मुलाने उचलून दवाखान्यात नेलं, तेव्हा पाय घोट्यापर्यंत काळा-निळा झाला होता. तिथं तीन महिन्यांची सरासरी केली. साडेदहा आली, ती सातच्या आत हवी. माझ्या रिकाम्या बाटलीत तोच आकडा होता. आधी अंगठा काढला, मग चवडा, आणि दिवाळीच्या दोन दिवस आधी गुडघ्याखालून पाय.

मी भेटायला गेले. मामा गुंगीत होते. मामी बाकावर बसल्या होत्या. मी शेजारी बसले, त्यांचा हात हातात घेतला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही. मग म्हणाल्या, "ताई, म्या तुमाला सांगितलं व्हतं."

बस, एवढंच. रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. त्यांनी भांडायला हवं होतं. मी लॅबमध्ये परत आले आणि तो जुना फॉर्म काढून पाहिला. पेशंटने नको म्हटले. माझं अक्षर चांगलं आहे, सगळे तसं म्हणतात.

यात माझी चूक किती आणि मामांची किती, हा हिशेब माझ्या नवऱ्याने मला पुष्कळदा मांडून दाखवला. फॉर्म बरोबर होता, नियम बरोबर होता, रक्त पेशंटच्या मर्जीशिवाय घेता येत नाही. सगळं खरं. पण माणसाची मर्जी वळवणं हेच तर मी तेहतीस वर्षं करत आले. सुईला भिणाऱ्या धट्ट्याकट्ट्या पोलिसाला मी गोष्टी सांगून रक्त द्यायला लावलं आहे. मामांना दोन मिनिटं समजावणं मला अवघड नव्हतं. मला त्यांना खूश बघायचं होतं, आणि खुशी देणारी मी असावं असं वाटत होतं. हे कबूल करायला लाज वाटते, म्हणून इथं लिहून टाकते.

मामांकडे जाणं मी सोडलं नाही. पाय गेल्यावर मामांनी इन्सुलिन घेतलं. सकाळ-संध्याकाळ स्वतःच्या हाताने पोटाला टोचायचे. "मुंगी बी ह्याच्यापरीस जोरात चावती," म्हणायचे, "ह्याला भिऊन बसलो व्हतो म्या!" चहा सुटला. मामी उरलेला पाय रोज आरशात बघायच्या. तो आरसा मी नेऊन दिला होता, खालांसारखाच. वर्षभरापूर्वी न्यायला हवा होता.

पुढच्या वर्षी आषाढात मी जांभळी बाटली भरून आणली. आकडा आला सहा पूर्णांक आठ. मी पुन्हा तपासला, तोच. या वेळी फोन केला नाही, संध्याकाळी स्वतः रिपोर्ट घेऊन गेले.

मामा ओट्यावर खुर्चीत होते. जयपूर फूट शेजारी भिंतीला टेकवलेला.

"घातला नाही का?"

"टोचतोय," मामा म्हणाले. "ज्यो टोचायला पायजे व्हता त्यो टोचला नाय, आन ह्यो टोचतोय."

मी रिपोर्ट पुढे केला. त्यांनी चष्मा लावून आकडा वाचला. "ह्ये खरं आलं म्हणायचं?"

"खरं आलं, मामा. तीन महिन्यांचं."

"मंग नवस फेडावा लागंल," ते म्हणाले आणि जिथं पाय नव्हता तिथं लुंगी सारखी केली.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "मामा, त्या वेळी तुम्ही चार दिवस काही खाल्लं नव्हतं, हे मला माहीत होतं. मी तुम्हाला जांभळी तपासणी करायला लावायला हवी होती."

मामांनी चष्मा काढला. "तुमाला म्हाईत हाय ह्ये मला बी म्हाईत व्हतं. फाटकापाशी ही कुजबुज करत व्हती ती काय देवीची आरती व्हती व्हय? आपून दोघांनी मिळून देवीला फशिवलं, ताई. तिनं माझा एकट्याचाच पाय घेतला ह्ये बरं झालं. तुमाला गाडी चालवायची असती."

आतून मामी बाहेर आल्या. त्या मात्र चिडल्या होत्या. "देवी कशाला पाय घेईल? आई कुठं लेकराचा पाय घेत असती का? तारेनं घेतला. साखरंनं घेतला. उगं तिचं नाव लावू नगा."

मामांनी रिपोर्टची घडी घातली. मग म्हणाले, "ताई, माझ्यावतीनं तुमी जाऊन याल का? चिकलठाण्यापासनं. चालत." मी हो म्हटलं. मामा खुर्चीत पुढे सरकले. "पन चप्पल घालून जायचं. अनवाणी नाय. देवीला म्हणावं, कडूबानं सांगितलंय."

श्रावणात मामा गेले. हृदय थांबलं, दुपारच्या झोपेत. साखर त्या दिवशीही ताब्यात होती, मामींनी सकाळी बोट टोचून पाहिली होती.

मी त्याच महिन्यात रिटायर झाले. नवरात्रात पहिल्या पहाटे मामांच्या फाटकापासून निघाले. मामींनी ओटीचं सामान दिलं आणि माझ्या पायांकडे पाहून घेतलं. जालना रोडने गर्दी वाढत गेली. बाया, पोरी, म्हातारे, सगळे अनवाणी. सगळ्या रस्त्यात आवाज फक्त माझ्या चपलांचा. क्रांती चौकाच्या पुढे एक मावशी माझ्या बरोबरीने चालत होत्या, साठीच्या असतील, कपाळाला मळवट. बराच वेळ माझ्या पायांकडे बघून शेवटी म्हणाल्या, "काय बाई, देवीला चप्पल घालून?"

"नवसच तसा आहे," मी म्हटलं.

त्या हसल्या आणि पुढे झाल्या. दिव्याच्या उजेडात त्यांची चाल दिसली, जरा सपाट, पाय टाकून दिल्यासारखी. मी भरभर चालून त्यांना गाठलं.

"मावशी, तुम्हाला शुगर आहे का?"

"हाय की," त्या आनंदाने म्हणाल्या. "पन कंट्रोलमदी हाय. परवाच तपासली. येकदम भारी आलीया."

मी त्यांचा हात धरला, त्यांना दुभाजकाच्या कट्ट्यावर बसवलं, आणि समोर रस्त्यावर मांडी घातली.

"मावशी," मी म्हटलं, "पाय दाखवा."